माळ्यावरच्या पट्ट्या

"गाडी घेऊन जाल का, अप्पा?" असं जावयाने, ध्रुवने, फोनवर विचारलं, तेव्हा अप्पांनी कारण विचारलं नाही. कारण पेणपर्यंत आधीच पोचलं होतं. ध्रुवचं दुसरं लग्न ठरलं होतं, कुणा पूजाशी.

गाडी अप्पांचीच, जुनी मारुती. हेमांगीला रोह्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती लेकीला देऊन टाकली होती. मागच्या वर्षी ऐन श्रावणात हेमांगीला ताप आला आणि आठवडाही न काढता ती गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून गाडी ध्रुवच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

अप्पा सकाळच्या एसटीने एकटेच रोह्याला उतरले. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई आल्या नाहीत. "मला ते घर बघवायचं नाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

ध्रुवने गाडी धुऊन ठेवली होती, बॅटरीही नवी बसवली होती. अप्पा गाडीभोवती फिरले आणि थबकले. रंग कोरा करकरीत होता, पण दारं बोडकी दिसत होती. दोन्ही अंगांना दारांवर चिकटवलेल्या काळ्या रबरी पट्ट्या जागेवर नव्हत्या.

"पट्ट्या कुठे गेल्या?"

"रंगाच्या वेळी काढल्या होत्या. माळ्यावर आहेत." ध्रुव जमिनीकडे बघत बोलला. "हेमांगी म्हणायची, रविवारी दोघं मिळून लावू. माझे रविवार कंपनीत जायचे. मग तीच आजारी पडली."

"द्या डिकीत टाकून. पेणला कुणाकडून तरी लावून घेईन."

"नको अप्पा. लावूनच न्या. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणून ठेवलीय."

अप्पांना नाही म्हणवेना. ध्रुवने माळ्यावरून पट्ट्या खाली काढल्या. त्यांच्या पाठीवरचा जुना डिंक दोघांनी नखांनी, मग स्पिरिटच्या फडक्याने खरवडून काढला. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत दोरा ताणून कागदी टेपने चिकटवला, म्हणजे पट्टी वरखाली जाणार नाही. पण पहिलीच पट्टी धरेना. पत्रा रात्रभर थंडीत गारठलेला, पट्टीमागची टेप चिकटून पुन्हा सुटत होती.

"जरा गरम करावं लागेल. केस वाळवायचं मशीन आहे, आणतो," म्हणून ध्रुव आत गेला, तो येईचना. अप्पा बघायला गेले. आतल्या खोलीत भिंतीला लागून मोठाल्या पिशव्या ओळीने उभ्या होत्या, तोंडं सुतळीने बांधलेली. ध्रुव त्यातल्या एकीची गाठ सोडून आत मशीन शोधत बसला होता. वरच हेमांगीची जांभळी साडी होती, गेल्या दिवाळीला अनसूयाबाईंनी घेतलेली. नाही, गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या.

"तिचं सामान," ध्रुव म्हणाला. "साड्या, पुस्तकं, शाळेचं काय काय. मला टाकवत नाही. आणि आता इथे ठेवताही यायचं नाही. पूजा काही बोललेली नाही, खोटं कशाला सांगू. मलाच बरं वाटत नाही, दुसरी बाई या घरात येणार आणि..." तो थांबला. "न्याल का, अप्पा?"

म्हणजे गाडी हे निमित्त होतं. माझी पोर अशी गोणीसारखी बांधून ठेवलीत, असं अप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस इतक्या हळू हाताने साडीची घडी पुन्हा बसवत होता की त्यांना ते बोलता आलं नाही.

"आधी पट्ट्या होऊ द्या," ते म्हणाले.

बाहेर येऊन अप्पांनी मशीनचा गरम वारा पत्र्यावर धरला. मागून ध्रुव अंगठ्याने पट्टी दाबत सरकू लागला. तीन दारं झाली. चौथ्याला पट्टी तिरकी बसली. त्याने ती ओढून काढली, पुन्हा लावायला गेला आणि कपाळ दाराला टेकून तसाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. अप्पांचा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला. शेवटची पट्टी त्यांनी स्वतः लावली.

पिशव्या मागच्या सीटवर मावल्या.

"जेवून जा."

"नको."

"लग्नाला..."

"नाय येणार. वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वय आहे, लग्न करायलाच हवं. पण आम्हाला नाय जमायचं."

ध्रुवने मान हलवली. "मी कधीमधी पेणला आलो तर?"

"या," अप्पा म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. तो येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

नागोठण्याच्या पुढे ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा मागून डांबरगोळ्यांचा वास यायला लागला. अप्पांनी सगळ्या काचा खाली केल्या. मग त्यांना ते बरं वाटेना, म्हणून पुन्हा वर घेतल्या.

पेणला अनसूयाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे. कुणी सांगायची गरज पडली नाही.

"जेवलात का तिथे?"

"नाय."

"आणि तो?"

"काय माहीत. घरात एकटाच होता."

अनसूयाबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं, पिशव्या थोड्या सरकवल्या, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. अप्पा थोडा वेळ पायरीवर थांबले. काचेतून फक्त त्यांचा पदर दिसत होता. ते घरात गेले आणि दोघांपुरता भात त्यांनीच लावला.