नेढे नसलेला गळ

कलावतीचा ताप उतरला, छातीतला कफ सुटला आणि ती रुग्णालयातून कोपरीच्या घरी परतली, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण निम्माच. कारण तिने अन्नाकडे पाठ फिरवली होती. पेज आणली की दोन घोट, भात दाखवला की तोंड भिंतीकडे. सोमवारपर्यंत पोटात काही गेले नाही तर पुन्हा दाखल करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

शनिवारी धाकटा भाऊ प्रभाकर डोंबिवलीहून भेटायला आला. कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारे-साचे घडवण्यात, त्याची सगळी नोकरी झाली होती. कोणतेही काम तो आधी नीट न्याहाळल्याशिवाय हातात घेत नसे. बहिणीचे उतरलेले तोंडही त्याने तसेच न्याहाळले.

"बाय, दोन घास तरी खा."

"नको रं परबा, मना काय बी नको. तोंडाला नुसती माती लागते." मग थोड्या वेळाने ती पुटपुटली, "भाऊ असता, तर आतापावेतो मरळ आणली असती."

भाऊ म्हणजे त्यांचे वडील. पोटासाठी मिठागरात राबणारा हा माणूस घरातले कोणी मोठ्या दुखण्यातून उठले की शहाडपलीकडे आपल्या आजोळच्या तळ्यावर जाई आणि गळाने मरळ धरी. उठलेल्या माणसाचे पहिले जेवण त्या माशाच्या कालवणाने व्हायचे, अशी त्या घराची रीत होती. कलावतीच्या सुनेने, जयाने, परवा बाजारातून मरळ आणून पाहिली. सासूने वास घेतला आणि ताट सरकवले.

"मामा, तुम्ही धराल का हो?" जयाने विचारले.

"धरेन की," प्रभाकर म्हणाला खरा. पण भाऊ तळ्यावर जाई त्या वर्षांत तो तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात होता. गळ टाकायला तो कधी शिकलाच नव्हता.

माळ्यावरून भाऊचा पत्र्याचा डबा निघाला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले गळ होते. गंजलेले, आणि दांड्यांवर कुजक्या दोऱ्याचे वेढे चिकटलेले. प्रभाकरने ते सगळे रॉकेलमध्ये बुडवले, दोऱ्याचा मळ ब्रशने खरवडून काढला आणि गळ कागदावर ओळीने मांडले.

"अय्या, हे तर अर्धवटच राहिलेत!" जया म्हणाली. "दोरा ओवायला नेढंच नाही."

"अर्धवट नाहीत. वरचं टोक बघ, ठोकून चपटं केलंय. दांड्याला दोऱ्याचे वेढे घालायचे. चपट्या टोकामुळे ते निसटत नाहीत. जुन्या गळांना नेढं नसायचंच." मग त्याने एकेक उचलून दाखवला. "हा बारीक, लहान माशांचा. हा लांब दांड्याचा वाम धरायचा. वाम गळ खोल गिळते, मग काढायला दांडा हवा. आणि हे दोन जाड, रुंद तोंडाचे. मरळीचा जबडा मोठा आणि टणक, त्याला हेच लागणार."

"वा! कारखाना सोडून कोळीच व्हायचं होतं तुम्ही."

रविवारी सकाळी जयाने त्याला गाडीतून तळ्यावर नेले. बारीक गळाला कणकेची गोळी लावून प्रभाकरने आधी बोटभर मासा धरला. मग तो जिवंत मासा मोठ्या गळाच्या आकडीत पाठीतून ओवला आणि बांबूची काठी पाणवनस्पतींच्या कडेला धरून बसला. ऊन चढले. जया दोनदा जांभई देऊन झाली. तेवढ्यात पाणी उसळले, काठी वाकली, काळीशार पाठ क्षणभर वर आली, आणि प्रभाकरने हिसका देताच काठी एकदम हलकी झाली.

"गेली?"

"गळासकट गेली."

"आता हो? आईंना काय सांगायचं? त्या दाराकडे डोळे लावून बसल्यात."

प्रभाकरने काठी आडवी घेतली. त्याने तंगुसाचे तुटलेले टोक चिमटीत धरले. मासेमारीचा हा चिवट नायलॉनचा दोरा ताणून तुटला असता तर बारीक झाला असता, टोकाशी कुरळा झाला असता. हा तर सुरीने कापावा तसा सपाट कापला गेला होता. दुसऱ्या जाड गळाच्या चपट्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला. कड चांगलीच धारदार होती. आमिषाच्या आड येऊ नये म्हणून त्याने दोरा दांड्याच्या बाहेरच्या, आकडीच्या उलट अंगाने वर घेतला होता. ओढ बसताच तो त्या कडेवर वाकला आणि कापला गेला.

"भाऊ कसा बांधायचा, ते ह्यांच्यावरच होतं," तो खिन्नपणे म्हणाला. "ते कुजके वेढे मीच घासून काढले."

"सगळे निघाले का, ते तरी बघा."

दोरा निघाला होता, खूण उरली होती. दांड्यावर जिथे वेढे होते तिथे गंज कमी चढला होता. आणि त्या उजळ पट्ट्यातून एक बारीक रेघ चपट्या टोकाच्या आतल्या अंगाने, आकडीकडच्या बाजूने, वर गेलेली होती. त्याने गळ उन्हात फिरवून खात्री केली. मग खिशातल्या कानशीच्या तुकड्याने कड बोथट करून घट्ट वेढे घातले आणि दोरा आतून वर काढला. ओढून पाहिला. आता ओढ बसताच आकडीचे टोक आपोआप पुढे झुकत होते.

"आत्ता समजलं," तो म्हणाला. चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरला.

नवा बोटभर मासा ओवून त्याने काठी पुन्हा कडेला धरली, पण बराच वेळ काही झाले नाही. मग झाले ते इतके झटपट, की जयाची किंकाळीच आधी ऐकू आली. या खेपेला प्रभाकरने हिसका दिला नाही. काठी नुसती उचलून धरली आणि माशाला दमू दिले. हातभर लांबीची मरळ चिखलात आदळली, तेव्हा तो तिच्याशेजारी धपकन बसला आणि मोठ्याने हसू लागला.

दुपारी कोपरीत कालवणाचा वास घरभर सुटला. कलावती उठून उशीला टेकून बसली होती. तिने पहिला घास घेतला, चघळला. जया आणि प्रभाकर दोघेही श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"आई, मोजून घातलंय!"

"तुला कोनी शिकवलं मोजाया? आन तिकडून मीठ. आनि भात वाढ, काय पाखराला घालतेस काय?"

जया पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात पळाली. प्रभाकरने भिंतीला पाठ टेकली आणि सकाळपासून प्रथमच त्याला जाणवले, की आपल्यालाही सपाटून भूक लागली आहे.