खिसा असलेला स्कर्ट

मी स्कर्ट बोलतोय. हसलात? हसून घ्या. मला त्याची सवय आहे, आणि लोकांच्या हसण्यानं माझं कधी काही अडलं नाही.

रंग चॉकलेटी, कापड जाड टेरीकॉट, लांबी घोट्यापर्यंत, कमरेला रुंद इलॅस्टिक आणि उजव्या बाजूला एक खोल खिसा. या खिशाचा मला भारी अभिमान. शेजारच्या खुंटीवरची पँट मला 'बाई, बाई' म्हणून चिडवायची. मी तिला म्हणायचो, अगं, लोक मला 'तो' म्हणतात आणि तुला 'ती'. आधी स्वतःचं बघ.

माझा जन्म हुबळीचा. आणीबाणी उठली त्या वर्षी कोप्पीकर रोडवर, बाळाप्पाच्या दुकानामागच्या खोलीत मी शिवला गेलो. कॉलेजच्या मुलींत तेव्हा लांब स्कर्टची टूम निघाली होती. बाळाप्पा कापड स्वतः कापायचा. माझी कंबर कापताना रस्त्यावरून वरात चालली होती आणि त्याचं लक्ष त्या बँडकडे. झालं, कॉलेजकन्येऐवजी खात्यापित्या घरच्या व्यापाऱ्याला बसेल अशी माझी कंबर झाली. एका मुलीनं मला अंगाला लावून पाहिलं, तर तिची आई म्हणाली, "ह्यात आपण दोघी मावू." मला परत वर टांगलं गेलं. तिथं मी धूळ खात राहिलो.

एका दुपारी हणमंतअण्णा दुकानात आले. धोतर, काळी टोपी, उजव्या हातात काठी. डावा हात छातीशी आखडलेला, डावा पाय ओढत टाकलेला. मागं त्यांच्या बायको, अनसूयाबाई.

"बर्री अण्णा, या, बसा. काय दाखवू?" बाळाप्पा म्हणाला.

"स्कर्ट. लांब पाहिजे. कमरेला इलॅस्टिक असू दे, नाडी नको."

"मुलगी केवढी आहे?"

"मुलगी न्हाई. मला पाहिजे."

बाळाप्पाला आधी वाटलं, थट्टा आहे. तो हसला. मग त्यानं अनसूयाबाईंकडं पाहिलं. त्या हसत नव्हत्या. शेजारी दोन बायका ब्लाउजपीस बघत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

"हसा की. हसून झालं की ते वर टांगलेलं चॉकलेटी काढा. त्याची कंबर माझ्या मापाची दिसालीय."

मला कुणीतरी नीट पाहिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

अण्णांचं घर केशवापुरात आणि दुकान दुर्गदबैलच्या बाजारात, दोरांचं. सुतळी, काथ्या, विहिरीचे दोर, बैलांची दावी, पाळण्याच्या दोऱ्या. मिरजेकडून आलेल्या आजोबांनी ते घातलेलं. कसलीही गाठ अण्णा बोलता बोलता मारायचे. मग एके दिवशी अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली. साऱ्या हुबळीला दोर विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या धोतराची गाठ मारता येईना.

सकाळी अनसूयाबाई धोतर नेसवायच्या. पण दुकानात लघवीला जाऊन आल्यावर ते परत कोण नेसवणार? अण्णांनी दिवसभर पाणी पिणं सोडलं. पुढं दुकानात जाणंच सोडलं. धाकटा भाऊ यशवंत दुकान बघू लागला, पण त्याचा जीव त्यात नव्हता. "दिवाळीच्या पाडव्याला दुकान मोडू," तो म्हणाला. "प्लॅस्टिकवाला जागा मागालाय. तू गादीवर दिवसभर एकटा बसू शकलास तर बोल, न्हाईतर मी त्याला शब्द देतो."

पाडवा काही लांब नव्हता. अण्णांनी इलॅस्टिकचा पायजमा शिवून घेतला. तो चढवायला एका पायावर उभं राहावं लागतं. अण्णा न्हाणीत पडले, कपाळाला खोक पडली. लुंगीला खोचायला दोन हात लागतात. मग एके दिवशी त्यांनी शेजारची पोर पाहिली. तिच्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हातानं तिनं बसल्या बसल्या डोक्यावरून परकर घातला. भाकरी काही तिनं खाली ठेवली नाही.

अण्णांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. अनसूयाबाईंनी डब्यातले पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चला. पण रंग मी ठरवणार."

तर असे ते दोघं दुकानात आले होते. बाळाप्पानं पडद्यामागं स्टूल ठेवलं. अनसूयाबाई मदतीला आत निघाल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "तू भाईर थांब."

मी डोक्यावरून आत शिरलो. टोपी पडली. उजव्या हातानं त्यांनी मला एकीकडून ओढलं, दुसरीकडून ओढलं, बसल्या बसल्या थोडं उचलून कमरेला बसवलं. धोतर आतून सोडून दिलं. काठी घेतली आणि पडदा सारून एकटे बाहेर आले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या हातानं काहीतरी अंगावर चढवलं होतं. अनसूयाबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"दुकानाची चावी कुठं ठेवू?" अण्णांनी विचारलं. "खिसा लावा की."

बाळाप्पा आता हसत नव्हता. त्यानं गुडघ्यावर बसून खडूनं खूण केली आणि तिथल्या तिथं खिसा शिवला. अनसूयाबाई बघत होत्या. "आमच्या परकरांना का हो लावत न्हाई खिसा?"

"कुणी मागितला न्हाई, अक्का."

"आता मी मागते," त्या म्हणाल्या. त्यांच्या परकराला खिसा लागला तो तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोरांच्या दुकानात गेलो. यशवंत मला बघून उठूनच उभा राहिला.

"अण्णा! घागरा घालून गादीवर बसणार? लोक बघालेत!"

"तुझी लुंगी काय वेगळी हाय? ते बी कापडच, गुंडाळलेलं. हे शिवलंय एवढंच."

"शिवलंय म्हणूनच की!"

माणसांची मला इथं मोठी गंमत वाटते. अर्धा बाजार लुंगी गुंडाळून फिरतो, कुणाला काही वाटत नाही. त्याच कापडाला चार चुण्या घालून शिवण मारली की खानदानाची अब्रू जाते. पण अण्णा बसले. दुपारी पाणी प्याले, तांब्याभर. मागं जाऊन आले आणि परत गादीवर बसले. कुणाला हाक मारावी लागली नाही.

आठवडाभर बाजार हसला. सायकलवरून जाणारे शिट्ट्या घालायचे. अण्णा सुतळी मोजत राहायचे. हसणं आपोआप थांबलं असतं, पण मध्येच भलतंच घडलं.

मंगळवार होता. खेड्यातली एक बाई दावं घ्यायला आली. तिनं मला पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि दाव्याचं विसरून हातच जोडले. "आईनं धरलं!" म्हणत तिनं कनवटीची हळद काढून अण्णांच्या पायावर वाहिली.

आमच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माचा बोलावा आला की काही पुरुष लुगडं नेसतात, देवीची टोपली डोक्यावर घेऊन फिरतात. त्यांना जोगप्पा म्हणतात. पुरुषाच्या अंगावर बाईचा कपडा दिसला की इथल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. बघता बघता बातमी पसरली, दोरवाल्या अण्णांना देवी लागली. नारळ येऊ लागले. बायका तांदूळ वाहू लागल्या. शिट्ट्या घालणारेच आता सायकलवरून उतरून पाया पडायचे.

यशवंतचा नूर पालटला. "राहू दे, अण्णा. जोगप्पा म्हटल्यावर कोण हसत न्हाई. घरची अब्रू बी राहिली."

खरं सांगतो, मलाही ते आवडलं. हळदीचा मान कुठल्या स्कर्टाच्या नशिबी असतो? पण अण्णा वैतागत गेले. दुकानात गर्दी होती आणि दोर कुणी मागत नव्हतं. कुणी लेकीच्या लग्नाचं विचारायचं, कुणी म्हशीच्या दुधाचं.

"मी दोर विकायला बसलोय, कौल द्यायला न्हाई," ते ओरडून सांगायचे. "मला देवी लागलेली न्हाई. माझा हात गेलाय."

"मोठी माणसं असंच म्हणतात," लोक म्हणायचे आणि अजून एक नारळ ठेवायचे. गादी मिळाली होती, पण दुकानदार म्हणून नाही. अशा गादीवर बसण्यात अण्णांना राम नव्हता. "ह्यापेक्षा प्लॅस्टिकवाला बरा," एकदा ते अनसूयाबाईंना म्हणाले. तेव्हा मला त्या हळदीची लाज वाटली.

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी लक्कव्वा आली. ही खरी जोगप्पा. देवीची टोपली बांधायला सुतळी ती वर्षानुवर्षं आमच्याच दुकानातून न्यायची. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, रुंद खांदे, भरदार आवाज. तिला बघून गर्दी बाजूला झाली. आता शिक्कामोर्तब होणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे.

"अण्णा, हे कधीपासनं?" तिनं विचारलं.

"हात गेल्यापासनं, लक्कव्वा. धोतराची गाठ मारता येईना. बायकोनं संगं येऊन हे घेऊन दिलं."

लक्कव्वानं टोपली खाली ठेवली. अण्णांचा आखडलेला हात आपल्या हातात घेऊन पाहिला. मग वाकून माझी शिवण चिमटीत धरली, खिशात बोटं घालून बघितली आणि हसली. मग ती लोकांकडं वळली.

"घरला जावा. ह्येला आईनं धरलेलं न्हाई. आईनं धरलं की काय होतंय ते मला विचारा. मी पहिल्यांदा लुगडं नेसले तवा बापानं आतनं कडी घातली. ती अजून उघडली न्हाई. ह्येला बायकोनं संगं जाऊन घेऊन दिलंय. ह्येचं कापड वेगळं, माझं वेगळं."

एकेक जण चपला शोधू लागला. अनसूयाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या पुढं झाल्या. "लक्कव्वा, बस. जेवून जा."

लक्कव्वा गादीच्या कडेला बसली. बसताना तिनं मागून हात फिरवून लुगडं सारखं केलं. "असं बस, अण्णा. हात फिरवून. न्हाईतर चुण्या मोडतात. पोरींना आया शिकवतात हे. मला कुणी शिकवलं न्हाई. तुला मी शिकवते."

अण्णा उठले आणि मागून हात फिरवून परत बसले. त्या दिवसापासून माझ्या चुण्या कधी मोडल्या नाहीत.

पाडव्याला गादीपूजन अण्णांनी केलं, मला इस्त्री करून. प्लॅस्टिकवाल्याला यशवंतनंच नको म्हणून सांगितलं. शिट्ट्या पुन्हा थोड्या सुरू झाल्या, मग कंटाळून थांबल्या. माणूस रोज दिसला की त्याच्या कपड्याचं नवल किती दिवस पुरणार?

अण्णांनी पुढं आणखी स्कर्ट घेतले, निळा, राखाडी, सगळे खिशाचे. मी घरात घालायचा झालो. बाळाप्पा अण्णांना हसत सांगायचा की आता इतर पुरुषही हळूच येतात. कुणाचा पाय भाजलेला, कुणाला मांडीला खरूज. 'अण्णांसारखं' एक मागतात, आणि वर 'भाचीसाठी' म्हणतात. हुबळीत एवढ्या जाड कमरेच्या भाच्या कुठून आल्या, ते यल्लम्मालाच ठाऊक.

असं दशक निघून गेलं. मागच्या महिन्यात यशवंतचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाक्यांवर पँट सोसेना, लुंगीची गाठ रुतायची. तो अण्णांच्या खोलीत आला, दार लोटलं आणि पुटपुटला, "तुझा एखादा जुना असला तर दे. घरातच घालतो."

"जुना कशाला?" अण्णा म्हणाले. "चल दुकानात."

मापासाठी मला पिशवीत घेतलं. कोप्पीकर रोडचं तेच दुकान. बाळाप्पा आता मागं खुर्चीवर बसतो, गिऱ्हाईक नवा माणूस बघतो. अण्णांनी स्कर्ट दाखवायला सांगितलं आणि त्यानं यशवंतला विचारलं, "मुलगी केवढी आहे?"

यशवंतनं मान खाली घातली. पलीकडं कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं अण्णांकडं पाहिलं, आता तूच सांग अशा नजरेनं. मलाही वाटलं, अण्णा बोलतील. पण अण्णांनी खिशात हात घातला, चावी चाचपली आणि तसेच उभे राहिले. आपली गाठ दुसऱ्यानं मारायची म्हणजे काय, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

यशवंतनं पिशवीतून मला बाहेर काढलं. भर दुकानात स्वतःच्या कमरेला लावलं.

"मुलगी न्हाई," तो म्हणाला. "मला पाहिजे. आणि खिसा लावा."

बाळाप्पा खुर्चीवरून उठला, टेप घेऊन.

मी आता विरलोय. इलॅस्टिक ढिलं झालंय. अनसूयाबाई माझे तुकडे करून कौदीत, म्हणजे गोधडीत, शिवणार आहेत, थंडीत पांघरायला. खुशाल कापा, बाई, पण खिसा शाबूत ठेवा. पांघरुणातसुद्धा अण्णांना चावी जवळ लागते.

आणि तुम्ही, एवढं ऐकून घेतलंत म्हणून सांगतो. उद्या तुमच्या दुकानात एखादा पुरुष आला आणि त्यानं स्कर्ट मागितला, तर मुलीचं वय विचारू नका. कंबर विचारा.