अदिबाच्या निकाहाचे खजूर

"नसरुभाय, गाडी थांबवू नका!" बाजूच्या सीटवरून मुस्तफा ओरडला. "कॅम्पात पाणी पोचला नाय तर तुमची छुट्टी खलास!"

पण नसरुद्दीननं पाण्याच्या टँकरचा ब्रेक दाबला होता. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या पुढे, रस्त्याकडेला चार गाड्या उभ्या होत्या. इराकची फौज कुवेतमध्ये शिरल्यापासून रोजचंच झालं होतं हे. पोरं, म्हाताऱ्या, गाद्या, हाताला लागेल ते घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं या वाटेनं खाली येत होती. एक बाई रिकामी बाटली हलवून दाखवत होती.

वाट मात्र अशा माणसांना सरावलेली. डांबर पडायच्या कितीतरी आधी बसऱ्याकडचे यात्रेकरू इथूनच उंटांवरून हजला जायचे. त्यांच्यासाठी कुणी भल्या माणसांनी विहिरी खणल्या. विहिरींभोवती तंबू पडले, पुढे तंबूंची वस्ती झाली, वस्तीचं गाव झालं. गावाचं नावही त्या खणण्यावरूनच पडलं, हफ्र म्हणजे खणणं. नसरुद्दीनला हे त्याच्या कफीलनंच, म्हणजे व्हिसा देऊन कामावर आणणाऱ्या अरब मालकानं, मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. कफीलचे पूर्वज म्हणे इथं वाटसरूंना पाणी उपसून द्यायचे.

आणि याच कफीलच्या सहीशिवाय नसरुद्दीनला देश सोडता येत नव्हता. येत्या शुक्रवारी दाभोळला त्याच्या मुलीचा, अदिबाचा निकाह. "तुमी येताव ना? पोरीचा बापूस नको का हजर?" बायको, इस्मत, फोनवर पुन्हापुन्हा विचारायची. कफीलनं सही कबूल केली होती. अट एकच, सौदी फौजेच्या कॅम्पाचं पाणी चुकता कामा नये.

"एक डबा भरून देतो नि निघू," नसरुद्दीन म्हणाला.

मुस्तफानं कपाळाला हात लावला. तो ओळखून होता या माणसाला! नसरुद्दीनचा बाप दाभोळच्या खाडीत होडी हाकायचा, त्या घरात उतारूला पाणी नाकारायची रीत नव्हती. त्यातून एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणणं तर त्याहून वाईट. मागून आणखी गाड्या आल्या, त्यांच्या मागून आणखी. डबाभर द्यायला उतरलेला हा गृहस्थ अख्खा टँकर रिकामा करून बसला.

संध्याकाळी कफील तापला. "खलास! छुट्टी नाही!"

नसरुद्दीननं गयावया केली नाही, की त्याला त्याच्या पूर्वजांची आठवण करून दिली नाही. नुसतं "बरं" म्हणाला. खोलीवर येऊन मात्र तो उशीत तोंड खुपसून रडला. रडणारच. पोटची पोर होती.

शुक्रवार सुट्टीचा. दाभोळला निकाह लागायच्या वेळेला तो रस्त्याकडेला उभा होता, पाण्याचे कॅन आणि खजुरांचं मोठं ताट घेऊन. निकाह झाला की खजूर वाटायचे, ही घरची रीत. मुस्तफा पेले विसळत होता.

एका गाडीतल्या म्हाताऱ्यानं खजूर तोंडात टाकला. "कसले हे?"

"मुलीच्या निकाहाचे."

"कुठं आहे ती?"

"हिंदमध्ये, बाबा. आत्ता लागत असेल."

म्हातारा गाडीतून खाली उतरला. त्यानं मुलांना, सुनांना, मागच्या गाड्यांतल्या लोकांनाही खाली बोलावलं. स्वतःचं घर उरलंय की नाही हे ठाऊक नसलेल्या त्या माणसांनी भर उन्हात हात उचलले, आणि कधी न पाहिलेल्या अदिबाच्या संसारासाठी दुआ मागितली.

नसरुद्दीन "आमीन" म्हणाला आणि ताट घेऊन पुढच्या गाडीकडे गेला.