पिवळ्या पितळेची नळी

"बाबा, आईच्या ट्रॉम्बोनमधून हवा गळतेय," म्हणत उल्रिकेने पेटी कामाच्या टेबलावर ठेवली.

गोटहार्टने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. फुंकणी जिथे बसते ती आतली नळी त्याने गरम करून हलकेच उपसली. नळीवर गुलाबी डाग पडले होते आणि एका डागात टाचणी जाईल एवढं भोक. श्वासाची ओल पितळेतलं जस्त वर्षानुवर्षं खाते, मागे ठिसूळ तांबं उरतं. त्याची बायको एल्फ्रीडे चर्चच्या वादकांत एकेचाळीस वर्षं वाजवत होती. गेल्या मार्चमध्ये ती गेली.

"या खेपेला तांबूस पितळेची घाल," उल्रिके म्हणाली. "तांबं जास्त, म्हणजे लवकर सडायची नाही. आणि आवाजही मऊ होईल. आमचे चर्चमधले मास्तर म्हणतात, मी हे वाजवलं की बाकी सगळ्यांचा आवाज दबतो."

मास्तरांचं काही खोटं नव्हतं. पिवळं पितळ खणखणीत बोलतं आणि तांबूस मवाळ, हे वाद्यं घडवणाऱ्यांच्या मार्कनॉयकिर्शन गावातलं शेंबडं पोरही सांगेल. गोटहार्ट तर जन्मभर तांबूस पितळेच्या बाजूचा. रविवारी एल्फ्रीडे अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात सरावाला बसली, की तो या कामाच्या खोलीची खिडकी लावून घ्यायचा. "अगं, ट्रॉम्बोन आहे की कोंबडा?" म्हणायचा. तीही काही कमी नव्हती. "तुझं तांबूस पितळ म्हणजे रजईत तोंड खुपसून रडणं," म्हणायची आणि आणखी जोरात फुंकायची. तीनदा त्याने तिला तांबूस नळी करून दिली. तिन्ही तिने कुंडीतल्या रोपांना आधार म्हणून खोचल्या.

"पिवळीच घालणार," गोटहार्ट म्हणाला.

"अरे, पिवळं ओरडतं असं तूच म्हणायचास ना?"

"म्हणायचो. तिने कधी ऐकलं?"

"पुन्हा सडेल, बाबा."

"सडू दे. त्याला चाळीस वर्षं लागतील." तो जुनी नळी फडक्याने पुसत राहिला. "तांबूस नळी टिकेल, पण आवाज तिचा नसेल. मला तिचा आवाज हवाय गं. एकदा तरी."

उल्रिकेने पेटीचं झाकण लावलं.

जुन्या नळीची जाडी बोटाबोटावर मोजत, पोलादी सळईवर पत्रा वळवून त्याने नवी नळी केली. पूर्वी हे एका दिवसाचं काम होतं, आता तीन दिवस लागले. दोन नळ्या वाया गेल्या. तिसरी त्याने ट्रॉम्बोनमध्ये बसवली, पण तीही नीट बोलेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

रविवारी सकाळी तो कामाच्या खोलीत हत्यारं आवरत होता. समोरच्या स्वयंपाकघरात उल्रिकेने ट्रॉम्बोनवर पहिला सूर लावला. तो अंगण चिरत सरळ आत आला, तसाच उद्धट, तसाच खणखणीत.

गोटहार्ट सवयीने उठला, खिडकीपाशी गेला, कडीला हात घातला. खिडकी अर्धवट उघडी होती. त्याने ती सताड उघडली आणि स्टूल ओढून तिथेच बसला.