दोघं बसल्याशिवाय आवळायचं नाही

पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्ममधून जुना रबरी बुश ठोकून काढला, तेव्हा तो आख्खा बाहेर आलाच नाही. मधली लोखंडी नळी खणखणत फरशीवर गेली आणि तिच्याभोवतीच्या रबराचा काळा चुरा माल्कम ट्रँटरच्या तळहातावर पडला. चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटाची गत झाली होती त्याची. दुसऱ्या कुणीही अशा वेळी शिव्या घातल्या असत्या. माल्कमला मात्र इतकं बरं वाटलं की तो तिथेच लाकडी खोक्यावर बसला.

"नेव्हिल, हे बघ," तो म्हणाला. "काय अवस्था झालीय बघ याची."

नेव्हिल बेब हा त्याचा जुना मित्र. दोन गावं पलीकडे त्याची मेंढरं होती, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात दोघं पहिल्यापासून एकत्र होते. "बघितलं," नेव्हिल म्हणाला. "गेल्या वर्षी माझ्या गाडीतून असाच चुरा निघाला, तेव्हा तू मला सगळ्यांदेखत आळशी म्हणालास. आता स्वतःच्या गाडीतून निघाला तर बारसं असल्यासारखा हसतोयस."

आपण का हसतोय हे माल्कमने नेव्हिललाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं.

पानगळ सुरू झाली तेव्हापासून गाडी डावीकडे जात होती. गाडी म्हणजे एकोणीसशे अडुसष्ट सालची, गडद हिरवी, दोनच माणसांची, छप्पर खाली पाडता येणारी. सरळ रस्त्यावरही ती हळूच कुंपणाच्या झुडपांकडे सरकायची, ब्रेक लावला की अंग टाकायची. माल्कमने आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरना, मग वाऱ्याला. शेवटी एकच संशयित उरला, आणि त्याची दाढी तो रोज सकाळी आरशासमोर करत होता.

कारण त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. थोरले ट्रँटर लडलो आणि क्लन या दोन गावांमधल्या रस्त्यावर बस चालवायचे. एका वर्षी बस डावीकडे जायला लागली. खिडकीतून पानं आत येतात म्हणून उतारू हसायचे. मग हात थरथरायला लागले, मग डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, आणि पुढची सगळी वर्षं बाप खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहिला. माल्कम आता त्याच वयाला पोचला होता.

खरं तर शंका फेडायला अगदी सोपा उपाय होता. गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि आपण शेजारी बसायचं. पण क्लबातल्या लोकांपुढे हे बोलायचीही सोय नाही. ही माणसं राहतं घर भाड्याने देतील, पण जुन्या गाडीचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात देणार नाहीत. चाळीस वर्षांत माल्कमशिवाय त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं, त्याची बायको ग्लेनिससुद्धा नाही. ती त्या गाडीला आपली सवत म्हणायची आणि स्वतःच्या छोट्या गाडीने सगळीकडे जायची. नाताळापासून तर तिने हिरव्या गाडीत शेजारी बसणंही सोडलं होतं. थंडी वाजते, एवढंच म्हणाली. माल्कमने काय ते ओळखलं आणि पुढे विचारलं नाही. गावचा डॉक्टर दर रविवारी चर्चमध्ये त्याच्या शेजारी उभा राहून गायचा, त्यालाही विचारलं नाही. गाडीतलं झाडून सगळं रबर बदलायचं, पण तोंड उघडून एक वाक्य बोलायचं नाही, अशी या भागातल्या पुरुषांची रीत आहे. माझा या रीतीवर राग आहे, पण ती आहे खरी.

म्हणून तो चुरा त्याला सोन्यासारखा वाटला. दोष गाडीत होता, गुन्हेगार मुद्देमालासकट हातात सापडला होता.

"नवे बसवून ठेव," जाताना नेव्हिल म्हणाला. "शेवटचं आवळायचं काम उद्या माझ्याकडे, शेडमधल्या खड्ड्यावर करू. माझी एक मेंढी अडली आहे, मला थांबता येत नाही."

पण उद्यापर्यंत धीर कोण धरणार? माल्कमने त्या शनिवारी दिवसभर खपून नवे बुश एकेक करून दाबून बसवले, आर्म परत लावले, बोल्ट घातले. गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवलेली होती, चाकं काढलेली होती, पाना फिरवायला ऐसपैस जागा होती. त्याने शीळ घालत सगळे बोल्ट पक्के आवळून टाकले.

रविवारी सकाळी तो एकटाच निघाला. गिरणीच्या वळणावर गाडीने उडी मारली आणि डावीकडे धावली. त्याने सावरली. पुढच्या चढावर पुन्हा तेच. त्याने एका शेताच्या फाटकाशी गाडी उभी केली. आत कोकरं आयांना ढुशा देत होती. त्याने स्टेअरिंगवरचे हात उचलून समोर धरले, तर ते थरथरत होते. भीतीनेही हात थरथरतात हे कळण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. नवे बुश बसले होते आणि गाडी डावीकडेच जात होती, म्हणजे गाडीचा दोष नव्हता, एवढंच त्याला कळलं.

घरी येऊन त्याने किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ग्लेनिसने हॅम, सफरचंद आणि कांदा भरून भाजलेला फिजेट पाय नुकताच ओव्हनमधून काढला होता.

"मी आता ही गाडी चालवणार नाही," माल्कम म्हणाला. "क्लबात सांग कुणाला हवी असेल तर."

"काय झालं?"

"काही नाही."

ग्लेनिस नर्स होती, निवृत्त झाली होती. ऐन बर्फात डोंगरावरच्या शेतघरांत जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधण्यात तिचा जन्म गेला होता. 'काही नाही' म्हणणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. तिने हात पुसले, एप्रन खुंटीला अडकवला आणि किल्ली उचलली.

"चल. मी चालवते."

"तू?"

"का? सवतीला हात लावायची बंदी आहे?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर बंदी होती. आज माल्कम गपचूप जाऊन डाव्या बाजूला बसला. तिथे गुडघे कुठे ठेवायचे हेही त्याला ठाऊक नव्हतं. ग्लेनिसने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला फिरवला आणि गाडी काढली. चालवायला ती पक्की होती, गिअर टाकताना आवाजही येऊ दिला नाही.

गिरणीच्या वळणावर गाडीने उडी मारली.

"ए बये," ग्लेनिस म्हणाली आणि स्टेअरिंग ओढून धरलं. "ही डावीकडे का ओढते रे?"

माल्कमने तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

"डावीकडे ओढते म्हटलं. आणि किती उधळते. मला कुंपणात घालायला निघाली होती."

"परत सांग."

"बहिरा झालास का? डावीकडे ओढते. हे बघ, परत गेली."

"तुझ्या हातातही जाते?"

"माझ्या हाताला काय झालंय?" असं ग्लेनिस म्हणाली आणि तिची नजर त्याच्या हातांवर गेली. माल्कमने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच्या छातीवरून कुणीतरी उठून गेलं होतं. त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं, आणि शेजारी बायको होती म्हणून त्याने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"नेव्हिलकडे घे," तो म्हणाला.

नेव्हिल अंगणातच उभा होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. स्टेअरिंगवर ग्लेनिसला बघून तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याचं लक्ष गाडीकडे गेलं. त्याने मान तिरकी करून ती पुढून पाहिली, बाजूने पाहिली.

"ही मान उंचावून का उभी आहे?"

खरंच गाडीचं नाक नेहमीपेक्षा वर होतं. माल्कमला ते आत्ता दिसलं. भीतीत माणसाला गाडीही दिसत नाही.

"बोल्ट आवळलेस?" नेव्हिलने विचारलं.

"काल."

"गाडी चाकांवर होती, की स्टँडवर?"

"स्टँडवर," माल्कम म्हणाला आणि त्याने टोपी घालून डोळ्यांवर ओढली.

आता हे इथल्या कुणालाही विचारा. बुशाचं रबर बोल्टाने जिथे पकडाल तिथेच ते आयुष्यभर राहू बघतं. म्हणून गाडी आपल्या चाकांवर हवी, आत दोन माणसांचं वजन हवं, आणि मगच बोल्ट आवळायचा. चाकं हवेत लोंबत असताना आवळलात, तर गाडी खाली टेकताच सगळं रबर पिळलं जातं. मग ते गाडीला नीट बसूही देत नाही आणि चालूही देत नाही. क्लबात नवा माणूस आला की त्याला हे पहिलं सांगितलं जाई, आणि ते सांगणारा माणूस होता माल्कम ट्रँटर.

"दोघं बसल्याशिवाय आवळायचं नाही," नेव्हिल माल्कमच्याच आवाजात, बोट नाचवत म्हणाला. "दरवर्षी, क्लबच्या जेवणाच्या टेबलावर, पुडिंग यायच्या आत. तुझं ऐकून मी माझ्या मेव्हणीला अख्खी दुपार गाडीत बसवून ठेवलं होतं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. आणि तू?"

"विसरलो."

"विसरला म्हणे. उद्या स्वतःचं नाव विसरशील. घे, खड्ड्यावर घे."

नेव्हिलच्या शेडमध्ये, पूर्वी जिथे घोडागाड्या असत, तिथे जमिनीत माणूसभर खोल खड्डा होता. ग्लेनिसने गाडी त्यावर नेमकी उभी केली. नेव्हिल खाली उतरला आणि बोल्ट सैल करत गेला. शेवटचा सुटला तशी गाडी कण्हली आणि आपल्या जागी बसली.

"उतरू नका," खालून आवाज आला. "आता तुम्ही दोघं म्हणजे बटाट्याची पोती. हलायचं नाही. बोललात तर चालेल, पण हसू नका. हसलं की गाडी हलते."

मग दोघं बसून राहिले. समोर भिंतीवर कांद्याच्या माळा लटकत होत्या. खालून पान्याची कटकट सुरू झाली.

"घाई का केलीस?" ग्लेनिसने विचारलं. "तू विसरणाऱ्यातला नाहीस."

"लगेच बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

माल्कम कांद्यांकडे बघत राहिला. उठून जायची सोय नव्हती. "गाडीत दोष आहे की माझ्यात," तो म्हणाला. "बाबांची बस डावीकडे जायची."

"मला माहीत आहे."

"तुला मी कधी सांगितलं?"

"तुझ्या आईने सांगितलं होतं. लग्नाआधीच." ग्लेनिसने हात मांडीवर घेतले. "नाताळात आपण येत होतो, तेव्हा दोनदा झुडपांना घासलो. त्यानंतर मी तुझ्याबरोबर बसले नाही."

"भीती वाटली असेल. वाटणारच."

"रस्त्याची नाही रे. शेजारी बसून तुझ्या हातांकडे बघत बसायची. मग घरी तेच केलं. तू कप बशीवर ठेवतोस तेव्हा वाजतो का. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का. तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांना सांगत आले, लक्ष ठेवा म्हणून. आपल्या माणसावर ठेवायची वेळ आली की घास उतरत नाही."

"मग?"

"एकदाही वाजला नाही."

"हे मला सांगायचंस तरी."

"विचारलंस का? तू विचारत नाहीस, म्हणजे तुलाही काहीतरी दिसलंय, असं मी धरून चालले. इतके महिने रात्री छताकडे बघत पडायची मी. तू घोरत असायचास."

"मी घोरत नव्हतो. जागाच असायचो."

"मग घोरत कोण होतं?"

"तू झोपावंस म्हणून मी तसा आवाज काढायचो."

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. खालची कटकट कधीच थांबली होती.

"नेव्हिल," माल्कम म्हणाला, "तू का थांबलास?"

"मी? मला इथे काही ऐकू येत नाही."

"मग थांबलास कशाला?"

"डोळ्यात गंज गेला."

ग्लेनिस हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मग माल्कमही सुटला. गाडी गदगदा हलली.

"हसू नका म्हणून सांगितलं होतं," खड्ड्यातून आवाज आला. "तुमच्यापेक्षा माझी मेव्हणी बरी होती."

काम संपलं तेव्हा ऊन अंगणभर आलं होतं. ग्लेनिस उतरली, वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि किल्ली माल्कमच्या हातात ठेवली. "डॉक्टरकडे एकदा जाऊन ये मात्र. हे नर्स म्हणून सांगते."

"उद्याच जातो."

"आणि आता घरी चल. फिजेट पाय थंड झाला असेल."

माल्कमने छप्पर खाली पाडलं, सीट मागे घेतली, आरसा आपल्या उंचीला आणला. गाडी नाक खाली घालून शहाण्यासारखी रस्त्याला लागली. गिरणीचं वळण आलं. त्याने ब्रेकवर पाय टेकवला, स्टेअरिंग फिरवलं, आणि गाडी त्याने नेलं तिथे गेली, झुडपांपासून चांगली हातभर लांबून. बघितलंस का, असं म्हणायला त्याने मान वळवली. ग्लेनिस डोळे मिटून, तोंड उन्हाला देऊन बसली होती. त्याच्या हातांकडे तिचं लक्षच नव्हतं.