पाच फूट दहाच्या वर

शिंप्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळली, खिशात ठेवली आणि मगच तो खुर्चीत बसला. टेबलापलीकडच्या ऑपरेटरबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो येई. चार वर्षांत एकही खाडा नव्हता. आज मात्र त्याच्यासोबत सून होती. मांडीवर कापडी पिशवी धरून ती शेजारी बसली.

"घाला बाई," तो म्हणाला. "पुरुष. वय तीस ते पस्तीस. डाव्या भुवईवर व्रण. उंची पाच फूट दहाच्या वर."

"पाठ झालंय मला, काका."

ओळख न पटलेल्या मृतांच्या नोंदी या यंत्रात होत्या. कुठल्या कुठल्या इस्पितळांनी, चौक्यांनी पाठवलेल्या, आणि प्रत्येक नोंद वेगळ्या घाटाची. एकीत दातांची माहिती, दुसरीत नुसते कपडे, तिसरीत गोंदण. बाई एकेक अट घालत, आणि सगळ्या अटींत बसेल तेवढंच चाळणीवर उरे. त्यांनी बटण दाबलं.

शिंपी पुढे वाकला. मुलगा बेपत्ता झाल्यावर, साठी उलटल्यावर, तो अक्षरं शिकला होता. काचेला न लावता त्याने बोट ओळीखालून सरकवलं.

"ए-क-ही नोंद ना-ही."

मग तो मागे टेकला. दर महिन्यासारखे त्याचे खांदे खाली आले.

"तुमचं यंत्र शब्दाचं पक्कं आहे, बाई."

"तुम्ही तेच विचारता, ते तेच सांगतं. त्यालाही कंटाळा आला असेल."

"चल," तो सुनेला म्हणाला.

सून उठली नाही. तिने पिशवीतून घडी घातलेला शर्ट काढला.

"कपड्यांचीही अट घालता येते ना? आमच्या लाँड्रीत एकजण सांगत होती. जाताना ह्यांच्या अंगात असाच होता. मामंजी एका कापडातून दोन शिवायचे. आत चोरखिसा असतो, ट्रकचे कागद ठेवायला."

"उगाच कशाला," शिंपी म्हणाला. "यंत्राने सांगितलं ना, नाही म्हणून."

"ते दर महिन्याला सांगतं, मामंजी. चार वर्षं मी दाराला आतून कडी न लावता झोपते. एकदाचं काय ते कळू दे."

बाईंनी शर्ट टेबलावर पसरला. टेबल लहानच होतं, तरी दोन्ही बाह्या त्यावर सहज मावल्या. सून पडद्यावरच्या अटी वाचत होती.

"पाच दहा कोणाची उंची?"

"तुमच्या यजमानांची."

"ह्यांची? अहो, हे माझ्याएवढे होते. लग्नाच्या फोटोत मला चप्पल काढून उभं केलं होतं."

कोणी हसलं नाही. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद उठत होता, बसत होता. बाईंनी शर्टाची कॉलर उगाच सारखी केली.

"मापात चूक झाली असेल, काका. होतं कधी कधी."

शिंप्याने खिशातून टेप काढली. उलगडली नाही, नुसती मुठीत धरली.

"माझं माप चुकत नाही, बाई."

सून त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती घालायची, मामंजी?" तिने हळूच विचारलं.

"पाच फूट चार," तो म्हणाला. आणि मग दुकानात सांगे त्याच आवाजात, न थांबता, "छाती छत्तीस. बाही साडेबावीस. उजवा खांदा जरा उतरता."

दुकानात तो असा मापं सांगे, आणि मुलगा वहीत उतरवून घेई.

बाईंनी उंची बदलली. "व्रणाची अट काढते. तो रकाना सगळेच भरत नाहीत, आणि रकानाच नसला की नोंद गळून जाते." आकडा आला, एकोणीस. त्यांनी कपड्यांपुढे 'चोरखिसा' लिहिलं. आकडा आला, एक.

नोंद उघडली. वरची तारीख शिंप्याच्या पहिल्या फेरीच्या नऊ दिवस आधीची होती. सुनेचं वाचून केव्हाच झालं होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. शिंपी बोट सरकवत सरकवत कपड्यांच्या ओळीपाशी पोचला.

"आ-त-ल्या बा-जू-ला चो-र-खि-सा. हि-र-व्या दो-ऱ्या-ने शि-व-ले-ला."

बाईंनी झटकन टेबलावरचा शर्ट उलटा केला. आतल्या खिशाची शिवण पांढरी होती. बारीक, सरळ, एका मापाची. त्यांनी तो खिसा त्याच्यासमोर धरला.

"हा पांढरा आहे, काका. तिथे हिरवा लिहिलाय. दुसऱ्या कोणाचा असेल तो. पुष्कळ जण शिवून घेतात असे खिसे."

शिंप्याने त्या शिवणीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"त्या दिवशी पांढरा दोरा संपला होता," तो म्हणाला.