भाल्याला दुसरा शब्द

भोक

झिबुयिलेने आधी हाच शब्द वापरून पाहिला. डर्बनच्या एका प्रयोगशाळेत रक्त द्यायला येणाऱ्या बायकांना संशोधन झुलूत समजावून सांगायचं, हे तिचं काम. यातल्या काहीजणींचं शरीर गोळ्यांशिवायच एचआयव्हीला दाबून ठेवत होतं. त्यांच्या मारक पेशींत परफोरिन नावाचं प्रथिन भरपूर सापडत होतं. ते बाधित पेशीच्या पडद्याला भोक पाडतं, आणि ती पेशी मरते.

"भोकं पाडायला माझ्या नवऱ्याचे मोजे आहेत की!" त्या काहीजणींतलीच एक, मा-म्बाथा म्हणाली. बाकावरच्या सगळ्या बायका खिदळल्या. मा-म्बाथा वॉर्विकच्या बाजारात गायीची मुंडकी शिजवून विकायची. तिच्या तोंडाला कोण लागणार?

छिद्रक

कोणालाच कळला नाही.

उम्खोन्तो. भाला.

हा बसला.

"म्हणजे माझ्या रक्तात भाले आहेत?"

"इतरांपेक्षा जास्त, मा."

मा-म्बाथाने पदर खोचावा तशी पाठीवरची शाल कमरेला आवळली आणि दंड पुढे केला. "घ्या. पण त्यातले दोन माझ्यासाठी शिल्लक ठेवा. गिऱ्हाईकं उधारी बुडवतात."

प्रयोगशाळेत तिच्या पेशींना रंग लावला की संगणकाच्या पडद्यावर परफोरिनचा ठिपक्यांचा ढग वर चढायचा. तरुण डॉक्टर एकमेकांना बोलावून तो दाखवायचे. झिबुयिलेला अभिमान वाटायचा, जणू तो ढग तिच्याच घरचा होता.

भाला (तोच. पण आता)

सरकारी नियम बदलला. लागण झालेल्या प्रत्येकाला गोळ्या, रक्त कितीही चांगलं असो. झिबुयिले बाजारात गेली. मा-म्बाथा जबडा सोलत होती.

"मा, आता तुम्हीही गोळ्या सुरू करायच्या."

"कशाला? भाले मोडले?"

"नाही. पण ते कायम पुरतील याची खात्री नाही."

"पोरी, हातात भाला असलेला माणूस तो खाली कधी टाकतो?"

उत्तर कोणत्याही झुलू पोराला ठाऊक असतं.

"बोल ना."

"शरण जाताना."

"मग? मी म्बाथांची लेक. मला शरण जायला सांगायला तू आलीस?"

झिबुयिलेने शब्द फिरवायचा प्रयत्न केला. भाला नाही मा, कुंपण समजा. कुंपण तर डागडुजी मागतंच. सुरी समजा. तुम्हीसुद्धा सुरीला धार लावता.

"सुरी!" मा-म्बाथा शेजारणीकडे वळली. "ऐकलंस? मागच्या वर्षी भाला होता, यंदा सुरी. पुढच्या वर्षी टाचणी."

शेजारीण हसली. झिबुयिलेलाही हसावं लागलं. तिने हसायला नको होतं. तिथेच दगडावर बसून, बाजार उठेपर्यंत भांडायला हवं होतं. ती मक्याचं एक कणीस घेऊन परतली.

भा

पडद्यावरचा ढग खाली येऊ लागला. डॉक्टरांनी आकडे सांगितले, झिबुयिलेने ते बाजारात पोचवले, मा-म्बाथाने ऐकून मान उडवली. मग तिला खोकला लागला. क्षयाने फुप्फुसं धरली तेव्हा ती गोळ्यांना कबूल झाली. गोळ्यांनी विषाणू बराच दबला, पण फुप्फुसं सावरली नाहीत.

गोळी हातात धरून तिने एकदाच विचारलं, "हे शरण जाणं नाही ना?"

"नाही, मा."

"हे आधी सांगायचंस."

सांगायचा प्रयत्न केला होता. पण भाल्यामागून सांगितलेलं ऐकू जात नाही.

——

दफन झाल्यावर प्रयोगशाळेने झिबुयिलेला मा-म्बाथाच्या मुलीकडे, नोक्वांदाकडे धाडलं. मा-म्बाथाच्या जुन्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. त्या पुढे वापरायच्या का, एवढं विचारायचं होतं.

"ताई, त्या जिवंत आहेत?" नोक्वांदाने विचारलं.

"ऊब दिली की जाग्या होतात."

"आणि मारतात? अजून?"

"हो. बाधित पेशी शेजारी ठेवली की मारतात."

नोक्वांदाने दाराची चौकट धरली. "मग तुमच्या नळीत लढतात, आणि आईच्या छातीत का नाही लढल्या?"

झिबुयिलेकडे याचं खरं उत्तर होतं. ते लांब होतं, त्यात थकणाऱ्या पेशी होत्या, वर्षं होती. कुठल्याही एका शब्दात ते मावत नव्हतं.

"बसू का?" तिने विचारलं. "वेळ लागेल."

नोक्वांदाने बसायला चटई पुढे केली नाही. पण दारही लावलं नाही. झिबुयिले उंबऱ्यावरच टेकली आणि सुरुवातीपासून सांगू लागली.